पिवळ्या माणसांचं घर

या आठवड्याचं पत्र न्यू जर्सीहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई मूळच्या नाशिकच्या. पत्र मोठं आहे, म्हणून मुद्द्याचा भाग तेवढा देते.

‘सप्रेम नमस्कार. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता वय ६८. हे गेल्यानंतर मुलानं आग्रहानं सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. मुलगा-सून दोघंही नोकरीला, नातू दहा वर्षांचा. तसं काही कमी नाही. पण रोज संध्याकाळी साडेसात वाजले की बाप-लेक सोफ्यावर बसतात आणि ‘द सिम्पसन्स’ नावाचं कार्टून लावतात. पिवळी माणसं, लिंबाएवढे डोळे. त्यातला मुलगा बापाला नावानं हाक मारतो. बाप आळशी, बिअर ढोसणारा, चिडला की पोराचा गळा धरणारा. आजोबाला वृद्धाश्रमात ठेवलंय आणि त्यावरही विनोद. एक आपला भारतीय दुकानदार आहे. त्याच्या इंग्रजीला माझा मुलगाही हसतो. मी इथल्या दुकानात बोलते तेव्हा माझंही इंग्रजी तसंच येतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. परवा तर नातवानं माझ्यासमोर बापाला नुसत्या नावानं हाक मारली आणि बाप हसला. तव्यावरची पोळी करपली तरी माझं लक्ष नव्हतं. मुलगा म्हणतो, “आई, मी इथे एकटा शिकायला आलो तेव्हापासून बघतोय, तुला नाही कळायचं.” इतकी वर्षं एकच कार्टून चालतं, त्यात असं आहे तरी काय? मी हे बंद करायला सांगू का? परतायला दोन महिने उरलेत. घरातून वाईट होऊन जायचं नाही.’

ताई,

बंद करायला सांगू नका. तुमच्या तक्रारीतली निम्मी मला पटते, तरीही सांगते. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण हे कार्टून मी स्वतः तीस वर्षं बघते आहे आणि त्यातल्या काही गोष्टी तुमच्याच वाटेच्या आहेत असं मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

आधी एक गोष्ट. तुम्हाला जे वाटलं ते अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीलाही वाटलं होतं. १९९० साली बार्बरा बुश एका मुलाखतीत म्हणाल्या की इतकं मूर्खपणाचं काही त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यावर मालिकेच्या मंडळींनी त्यातल्या आईच्या, म्हणजे मार्ज सिम्पसनच्या नावानं त्यांना एक पत्र पाठवलं. पत्रात राग नव्हता. मीही तुमच्यासारखीच एका कर्त्या माणसाची बायको आहे, घर सांभाळते, मुलांना दुसऱ्याला बोल लावू नका असं शिकवते, आणि तुम्ही आम्हाला न ओळखता असं बोललात याचं वाईट वाटलं, असा त्याचा सूर होता. बार्बराबाईंनी उलट टपाली उत्तर लिहून आपली जीभ सैल सुटल्याची माफी मागितली. त्यांच्या यजमानांना मात्र राहवलं नाही. १९९२ च्या जानेवारीत अध्यक्ष बुश भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी असायला हवीत. वॉल्टन्स म्हणजे मंदीच्या काळात डोंगरात राहणारं, दुसऱ्या एका मालिकेतलं देवभोळं, गुणी कुटुंब. तीनच दिवसांनी सिम्पसन्समधल्या त्या वात्रट पोरानं, बार्टनं, टीव्हीवर उत्तर दिलं, आम्ही वॉल्टन्ससारखेच तर आहोत, आम्हीही मंदी संपू दे म्हणून प्रार्थनाच करतोय. कारण तेव्हा अमेरिकेत मंदीची झळ अजून खरोखरच ओसरली नव्हती, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या एका वाक्यात दिसतं. ते घर आदर्श नाही, पण महिनाअखेरीची चणचण त्या घराला ठाऊक आहे.

पहिला पूर्ण भाग १७ डिसेंबर १९८९ ला दाखवला गेला. (त्याआधी १९८७ पासून दुसऱ्या एका कार्यक्रमात मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे येत असत.) पहिल्या भागात नाताळ तोंडावर आलाय आणि होमरला, म्हणजे बापाला, कारखान्यातून बोनस मिळत नाही. मार्जनं डब्यात साठवलेले पैसे बार्टच्या उपद्व्यापात संपलेत, पोरानं हातावर गोंदवून घेतलं आणि ते काढायला सगळी पुंजी गेली. होमर बायकोला बोनसचं सांगत नाही. गुपचूप एका मॉलमध्ये सांताक्लॉजचं सोंग घेऊन उभा राहतो, त्याचेही पैसे कापून हातात चिल्लर येते. ती तो कुत्र्यांच्या शर्यतीत लावतो आणि हरतो. हरलेल्या कुत्र्याला मालक हाकलून देतो, ते होमरच्या अंगावर झेपावतं आणि बाप-लेक त्यालाच घरी घेऊन येतात. होमर घरच्यांना बोनसचं खरं सांगायला लागतो, तेवढ्यात बार्ट कुत्र्याला घेऊन पुढे येतो. घरच्यांना वाटतं, हीच नाताळची भेट, आणि सगळे त्यातच खूश होतात. ताई, दिवाळीचा बोनस न मिळालेला बाप आपण आपल्या चाळींतून, वाड्यांतून पाहिलेला आहे. तो फुलबाज्यांची एक पेटी घेऊन उशिरा घरी येतो आणि पोरं त्यातच खूश होतात. मी तो भाग पाहिला तेव्हा मला पिवळा रंग दिसेनासा झाला.

मुळात ही माणसं एका खऱ्या घरातूनच आली आहेत. ती काढणारे मॅट ग्रेनिंग यांच्या वडिलांचं नाव होमर, आईचं मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. याच नावांवरून त्यांनी कार्टूनमधल्या आई-बापाची आणि बार्टच्या दोन बहिणींची नावं ठेवली. स्वतःचं नाव तेवढं त्यांनी दिलं नाही, त्या जागी बार्ट ठेवला. इंग्रजीत वात्रट पोराला जो शब्द आहे त्याचीच अक्षरं उलटसुलट केली की बार्ट होतं. म्हणजे पोरगा वात्रट आहे, हे त्याच्या जन्मापासून नावातच लिहिलेलं आहे.

आता ‘इतकी वर्षं’चं बघू. साडेसातशे भागांचा टप्पा २०२३ सालीच ओलांडला गेला, आणि २०२५ मध्ये आणखी चार हंगाम मंजूर झाले, म्हणजे २०२९ पर्यंत सोय झाली. एवढं कसं चाललं याचं एक साधं, कारागिरीतलं कारण आहे. नेहमीच्या मालिकेत मूल मोठं होतं, आवाज फुटतो, मिसरूड येतं, आणि गोष्ट संपवावी लागते. चित्रातलं मूल वाढत नाही. बार्ट दहा वर्षांचा, लिसा आठ, मॅगी एक, ती तेव्हाही आणि आजही. बार्टचा आवाज पहिल्या दिवसापासून नॅन्सी कार्टराइट या बाईंचा आहे, त्यामुळे तो फुटायचाही प्रश्न आला नाही. तुमचा मुलगा विशीत होता तेव्हा बार्ट दहाचा होता, आणि आज तुमचा नातू दहाचा आहे तर तो बार्टच्या बरोबरीला आलाय. पुढच्या वर्षी तो बार्टला मागे टाकेल. तुमचा मुलगा मात्र आता वयानं होमरच्या शेजारी जाऊन पोचला. एकाच सोफ्यावर बसून एकच भाग बघताना बाप वेगळं बघतो आणि लेक वेगळं. विशीत ज्या बापाला आपण हसलो, त्याच बापाचं गाऱ्हाणं आता आपलं वाटायला लागतं. हे माझ्या घरी झालं म्हणून मी खात्रीनं सांगते.

१९९५ साली आम्ही ओहायोत होतो. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, बाहेर गुडघाभर बर्फ, मला सातवा महिना. नवऱ्याची नोकरी अशी होती की साहेब रोज चारचौघांत अपमान करायचा, आणि सोडून जायची सोय नव्हती, कारण व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. रविवारी रात्री आठ वाजता आम्ही हे कार्टून बघायचो, मुख्यतः इंग्रजीचा कान तयार व्हावा म्हणून. त्या जानेवारीत एक भाग लागला. मुलं विचारतात, अल्बममध्ये मॅगीचे फोटो का नाहीत? मग होमर जुनी गोष्ट सांगतो. त्यानं कर्ज फेडून कारखान्यातली नकोशी नोकरी सोडली होती आणि मनापासून आवडणारं, कमी पगाराचं काम धरलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या मुलाची चाहूल लागली. पैसे पुरेनात. तो तोंड पाडून जुन्या साहेबाच्या दारात परत गेला. साहेबानं त्याच्या टेबलासमोर मोठी पाटी ठोकली, ‘विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस.’ शेवटी फोटो कुठे आहेत ते कळतं. होमरनं मॅगीचे सगळे फोटो त्या पाटीवर चिकटवलेत, आणि अशा बेतानं, की काही अक्षरं झाकली जाऊन उरलेल्यांतून वेगळंच वाक्य होतं, ‘तिच्यासाठी कर.’

जाहिराती सुरू झाल्या तरी आमच्यापैकी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी सोनोग्राफीचा तो अस्पष्ट, करडा फोटो डब्याच्या पिशवीत घालून नेला.

म्हणून मुलगा जेव्हा म्हणतो ‘मी एकटा होतो तेव्हापासून’, तेव्हा ते वाक्य तसंच सोडून देऊ नका. त्या एकटेपणात त्यानं काय बघितलं, कोणत्या खोलीत, कोणाबरोबर, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का? तुम्ही त्याला विमानतळावर सोडलंत आणि पुढची कित्येक वर्षं तुमच्याकडे आली ती रविवारच्या फोनवरची वर्षं. ‘जेवलास का’, ‘थंडी फार आहे का’. त्याच्या संध्याकाळी कशा गेल्या हे या कार्टूनच्या निमित्तानं तुमच्या हाती लागू शकतं. ‘तुला नाही कळायचं’ यात तुच्छता असेल असं मला वाटत नाही. सांगायला कुठून सुरुवात करायची ते त्याला कळत नसावं.

आता नावानं हाक मारण्याचं. इथे मी तुमच्या बाजूनं आहे. मराठी घरात बापाला ‘बाबा’ म्हणायचं ही नुसती शिस्त नाही, त्या हाकेत एक ऊब आहे आणि ती नातवाला मिळायला हवी. पण ते नातवाला, तेही कार्टून चालू असताना, सांगू नका. मुलाला एकट्याला गाठा, सकाळी चहाच्या वेळी, आणि दोन वाक्यांत सांगा, ‘त्यानं तुला नावानं हाक मारली आणि तू हसलास, मला लागलं.’ बस. त्यावर भाषण नको.

आणि गंमत म्हणजे या दुखण्यावरचा भाग त्या मालिकेतच आहे. १९९२ च्या डिसेंबरातला, लिसाच्या पहिल्या शब्दाचा. तो तुम्ही आवर्जून बघा. मार्ज मुलांना जुनी आठवण सांगते. लिसाच्या जन्मानंतर बार्ट इतका जळतो की घर सोडून निघतो, आणि तेवढ्यात तान्ही लिसा पहिला शब्द उच्चारते. तो शब्द असतो ‘बार्ट’. पोरगा तिथल्या तिथे विरघळतो. मग होमर दोघांच्या मागे लागतो, म्हणा ‘डॅडी’. दोघंही म्हणतात, ‘होमर’. तो चिडतो, पुन्हा म्हणायला लावतो, पुन्हा ‘होमर’. म्हणजे ती हाक ऐकून त्या बापालाही लागतंच, ताई. शेवटच्या दृश्यात तो मॅगीला पाळण्यात ठेवतो आणि म्हणतो, पोरं बोलायला लागली की उलटून बोलतात, तू कधीच बोलू नकोस. दिवा मालवून दार लोटून जातो. अंधारात मॅगी तोंडातली चोखणी काढते, ‘डॅडी’ म्हणते आणि झोपून जाते. ऐकायला खोलीत कोणीही नसतं. त्या एका शब्दासाठी त्यांनी एलिझाबेथ टेलरना बोलावलं होतं, एवढी मोठी नटी.

त्याच भागात आजोबाही आहेत. घर घ्यायला होमरकडे पैसे नसतात, तेव्हा म्हातारा आपलं राहतं घर विकून पैसे देतो. होमर गहिवरून म्हणतो, बाबा, आता तुम्ही आमच्याकडेच राहायचं. गोष्ट ऐकणारी मुलं मध्येच विचारतात, मग किती दिवसांत आजोबांना वृद्धाश्रमात पाठवलंत? ‘तीन आठवडे झाले असतील’, आणि सगळे खदाखदा हसतात. हे वाचूनही तुमच्या पोटात कालवेल. माझ्या कालवलं होतं. पण हा विनोद म्हाताऱ्याला टोचलेला आहे की मुलाला? मी जितक्या वेळा बघितला तितक्या वेळा मला तो मुलाचाच पंचनामा वाटला. आपल्याकडे असं करणारे लोक कार्यक्रमांतून आईवडिलांवर अश्रू ढाळतात आणि घरी गेल्यावर त्यांचा फोन उचलत नाहीत. इथे निदान ते तोंडावर म्हटलं जातं. तुमच्या मनात कुठेतरी ती भीती आहे, ती पत्रात एका ओळीत येऊन गेली. हा भाग तिघांनी बघून झाल्यावर मुलाचा चेहरा बघा. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर बोलेल.

गळा धरण्याचं मला आवडत नाही, कधीच आवडलं नाही. २०२३ च्या एका भागात होमरच्या तोंडी आलं की आता काळ बदलला, मी तसं करत नाही. फार उशिरा आलं. नातवाला तुम्ही हे सरळ म्हणू शकता की यात हसण्यासारखं काही नाही. दहा वर्षांच्या मुलाला ते कळतं, आणि आजीला एखादी गोष्ट आवडली नाही हे त्याला कळलेलं बरंच.

आणि आपला दुकानदार. त्याचं नाव अपू. पहिलं नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या मुलावरून घेतलं, आणि आडनाव असं लांबलचक जोडलं की ते ऐकूनच अमेरिकन माणसानं हसावं. १९९० पासून त्याला आवाज दिला हँक अझेरिया या गोऱ्या नटानं, हेल काढून. तुम्हाला झोप आली नाही, ते रास्तच होतं. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले भारतीय वंशाचे विनोदवीर हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये यावर एक माहितीपट केला. शाळेत मुलं अपूची वाक्यं त्याच्या हेलात म्हणून आपल्या मुलांना कसं चिडवत, हे तिथे वाढलेले कलाकार एकामागून एक सांगतात. कित्येक वर्षं अमेरिकन टीव्हीवर नियमित दिसणारा भारतीय माणूस जवळजवळ हा एकटाच होता, त्यामुळे प्रत्येक सावळ्या मुलाच्या वाट्याला तोच आला. २०१८ मध्ये मालिकेनं यावर जे उत्तर दिलं ते मला फार खुजं वाटलं. एरवी अन्यायावर पहिल्यांदा बोट ठेवणाऱ्या लिसाच्याच तोंडी, पूर्वी जे चालायचं ते आता खटकतं, त्याला काय करणार, अशा अर्थाचं बोलणं घातलं. २०२० साली अझेरियांनी तो आवाज देणं थांबवलं, आणि पुढच्या वर्षी भारतीयांची जाहीर माफी मागितली. तेव्हापासून अपू बोलत नाही, गर्दीत कधीमधी दिसतो. १९९७ चा त्याच्या लग्नाचा एक भाग आहे, त्यात होमर गणपतीचं सोंग घेऊन लग्न मोडायला येतो. तो तुम्ही बघू नका. मला तो अजून सहन होत नाही.

पण याच अपूचा १९९६ चा एक भाग आहे, तो मात्र बघाच. गावात लाट येते की बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांना हाकला. अपूच्या व्हिसाची मुदत कधीच उलटून गेलेली. तो खोटी कागदपत्रं घेतो, अमेरिकन दिसायला धडपडतो, आणि मग आईबापांना आपण काय तोंड दाखवणार म्हणून ढसाढसा रडतो. शेवटी अभ्यास करून नागरिकत्वाची परीक्षा देतो, आणि ती परीक्षा घेणाऱ्यापेक्षा त्यालाच त्या देशाचा इतिहास जास्त माहीत असतो. संगणकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस दुकान चालवतोय, हेही त्यात येतं. ज्यांनी त्याच्या बोलण्याची टिंगल केली त्याच लेखकांनी त्याला हेही दिलं. दोन्ही खरं आहे. मी यातलं एक खोडून दुसरं ठेवू शकलेली नाही.

तेव्हा मुलाला विचारा, तू अपूला हसतोस ते नेमकं कशाला? तुला कोणी तसं चिडवलं होतं का? आणि तुमच्या दुकानातल्या इंग्रजीचं जे मला लिहिलंत ते त्यालाही सांगा. त्याला ते माहीत नसणार. नातू शेजारी बसलेला असेल तर उत्तमच, कारण त्याच्या शाळेत काय चालतं तेही त्या ओघात बाहेर येईल.

तुम्ही शिक्षिका, म्हणून दोन गोष्टी खास तुमच्यासाठी. बऱ्याच भागांच्या सुरुवातीला बार्ट फळ्यावर शिक्षेची ओळ पुन्हा पुन्हा लिहीत असतो, ही तुम्ही पाहिली असेल. त्याच्या बाई आहेत मिसेस क्रबापल, थकलेल्या, चिडक्या, एकट्या. त्यांचा आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस २०१३ च्या ऑक्टोबरात गेल्या. मालिकेनं त्या जागी दुसरा आवाज शोधला नाही, बाईंनाच निरोप दिला. त्यानंतरच्या एका भागात बार्ट फळ्यावर लिहीत नुसता उभा आहे, ओळ एकदाच लिहिलेली, ‘तुमची फार आठवण येईल, बाई.’ त्याच्या चेहऱ्यावर खोडी नाही. जिथे कोणी मोठं होत नाही त्या गावातही मरण असं आत आलं. दुसरी गोष्ट १९९१ ची. लिसाच्या वर्गावर काही दिवसांसाठी बदली शिक्षक येतो. या हुशार, एकट्या पडलेल्या मुलीला पहिल्यांदा कोणीतरी ओळखतं. तो जाताना स्टेशनवर तिच्या हातात एक चिठ्ठी देतो, ‘जेव्हा वाटेल की आपण एकट्या आहोत, आपल्याला कोणी नाही, तेव्हा एवढंच माहीत असू दे.’ आत एकच वाक्य, ‘तू लिसा सिम्पसन आहेस.’ एकतीस वर्षांत तुम्ही कोणाला अशी चिठ्ठी दिली असेल, लिहून नाही तर बोलून. मग घरी आल्यावर लिसा बापावर ओरडते, आणि तो ढ, बावळट होमर तिच्या खोलीत जाऊन तिला हसवतो. शहाणपण त्याच्याकडे नाही, तरी तो जातो.

सगळे भाग असे नाहीत हेही सांगायला हवं. दुसऱ्यापासून आठव्या हंगामापर्यंतचे माझ्या मते सर्वांत भरीव. पुढे बरंच पाणी आहे, काही भाग नुसता आरडाओरडा. मुलगा रोज कुठलाही लावत असेल तर तुम्हाला नेमका तो वाट्याला आला असणं शक्य आहे.

एक भाग साधारण २२ मिनिटांचा. पोळ्या आधी करून ठेवा, किंवा नंतर करा, किंवा त्या दिवशी सुनेला सांगा की आज भात पुरे. तुमच्या पत्रात सोफ्यावर दोघं आहेत आणि तुम्ही तव्यापाशी. मला तेच सर्वांत जास्त खुपलं, कार्टूनमधल्या कशाहीपेक्षा. सोफ्यावर मध्ये बसा, नातवाला डावीकडे घ्या. खाली इंग्रजी अक्षरं लावायला सांगा, तुम्हाला वाचता येतात. आणि नातवाला काम द्या, जिथे कळणार नाही तिथे थांबवून आजीला मराठीत सांगायचं. पहिल्या दिवशी तो वैतागेल. विनोद समजावून सांगावा लागला की त्यातलं मराठी कुठे अडतं ते त्याचं त्यालाच दिसेल. दोन महिन्यांत त्याच्या तोंडी जेवढे मराठी शब्द बसतील तेवढे कुठल्या रविवारच्या वर्गात बसणार नाहीत.

सुरुवात कुत्र्याच्या भागानं करा, मग लिसाचा पहिला शब्द.

होमरला चूक उमगली की तो एक आवाज काढतो, साधारण ‘डोह!’ असा. पटकथेत तो शब्द म्हणून लिहीतही नाहीत, ‘चिडका हुंकार’ अशा अर्थाची सूचना तेवढी असते. २००१ साली तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात गेला. त्याला मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्या घरी तीस वर्षं एकमत झालेलं नाही. ह्यांचं म्हणणं ‘अरेच्चा’, लेकीचं म्हणणं ‘शी बाबा’. तुमच्या नातवाला काय सुचतं ते मला नक्की कळवा.